डबल बेल

"काका, हे टाका आत, गेम एकदम मख्खन चालणार," दुकानदार पियुष म्हणाला आणि त्याने काचेच्या काउंटरवर दोन पंखे बसवलेली एक काळी पट्टी ठेवली. "सेकंड हँड आहे, पण कंडिशन टॉप."

ही पट्टी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ते कॉम्प्युटरच्या पोटात बसतं आणि पडद्यावरचं चित्र न अडखळता पळवतं, असं माझ्या मित्राच्या पोरीने, अक्षताने, मला येताना समजावलं होतं. निम्मं डोक्यावरून गेलं. मी कंडक्टर माणूस. जन्मभर लोकांना 'पुढे सरका' म्हणून ओरडलो आणि जन्मभर लोक दरवाजातच उभे राहिले. मला या वयात कोण काय समजावणार!

तरी बुधवार पेठेतल्या त्या बोळात मी आलो होतो, तो दशरथसाठी. दशरथ माझा ड्रायव्हर. म्हणजे पीएमटीचा, पण मार्केट यार्ड ते खराडी ही बस आम्ही दोघांनी इतकी वर्षं हाकली की डेपोत आमची नावं एका दमात घ्यायचे. आम्ही सुरुवात केली तेव्हा खराडीच्या शेवटच्या स्टॉपवर म्हशी रवंथ करत बसायच्या. पुढे तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एकीत दशरथची अक्षता नोकरीला लागली. मी रिटायर झालो, आणि नंतरच्याच तपासणीत दशरथच्या डोळ्यांत दोष निघाला. साखरेमुळे आतला पडदा खराब झालेला. हातातून स्टिअरिंग गेलं. डेपोत खुर्चीवरचं हलकं काम दिलं, ते त्याला मानवलं नाही. मुदतीआधीच घरी बसला.

बसला म्हणजे खरोखरच बसला. त्याची बायको, कांतावहिनी, मला म्हणायच्या, "भावजी, माणूस बोलतच नाही हो. नुसते भिंतीकडे बघत बसतात." मग अक्षताने ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला आणि त्यात बस चालवायचा गेम टाकून दिला. पहिल्याच दिवशी दशरथने पोरीला हाक मारली म्हणे. "अगं, या गाडीचा ब्रेक उशिरा लागतोय, डेपोत कळव कुणाला तरी." वहिनींना आधी हसू आलं, मग रडू.

पण तो कॉम्प्युटर म्हणजे म्हातारा बैल. चौक आला की चित्र थिजायचं आणि बस थेट पुढच्या भिंतीत दिसायची. म्हणून अक्षताने दिवाळीच्या बोनसमधून थोडे पैसे बाजूला ठेवले होते. थोडेच, कारण घराचा हप्ता आणि धाकट्या भावाची फी तिच्याच डोक्यावर. काय घ्यायचं याचा तिने मोबाइलवर रात्रंदिवस अभ्यास केला होता. कार्ड जुनं घ्यायचं, कार्डाला वीज पुरत नाही म्हणून पॉवर सप्लाय नवा घ्यायचा, की संपले पैसे.

"रॅम?" पियुषने विचारलं.

"रॅम पुढच्या वेळी," अक्षता म्हणाली. "आत्ता कार्डच. पप्पा, बघा ना इकडे. कुठे बघताय?"

दशरथ मागच्या फळीकडे बघत होता. नीट दिसावं म्हणून मान तिरपी करून. त्या फळीवर वायरींच्या गुंडाळ्यांमध्ये एक स्टिअरिंग पडलं होतं. गेमचं. खाली दोन पायडल, कडेचं रबर एका जागी घासून गुळगुळीत झालेलं.

"ते काढ," तो म्हणाला.

"काका, ते पण सेकंड हँडच आहे. एक पोरगा कार रेसिंगचा सगळा सेटअप विकून गेला, बँगलोरला जॉब लागला त्याला."

"काढ म्हणतो ना."

पियुषने ते काउंटरला पकडीने घट्ट बसवलं. दशरथने आधी त्यावर हात टेकवून कपाळाला लावला. बस सुरू करण्याआधी रोज लावायचा तसाच. दुकानात उभ्या असलेल्या कॉलेजच्या दोन पोरी बघायला लागल्या, पण त्याला पत्ता नव्हता. मग त्याने दोन बोटांनी ते हळूच इकडे-तिकडे हलवून पाहिलं, पाव वळण डावीकडे, पाव उजवीकडे. त्याचे खांदे सैल झाले. वर्षभरात मी त्याला असा उभा पाहिला नव्हता. मी रस्त्याकडे बघून खाकरलो.

"हेच घेऊ," दशरथ म्हणाला.

"पप्पा, हे घेतलं तर कार्ड नाही येत! दोन्ही नाही बसत बजेटमध्ये."

"मग कार्ड नको."

"अहो, कार्डशिवाय स्टिअरिंग घेऊन करणार काय? गेम असाच लॅग होणार. झटके खात चालेल बस."

"पीएमटीच ना ती? झटके खाणारच," दशरथ म्हणाला.

मी फिसकन हसलो. पियुषपण हसला. अक्षता मात्र हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. "काका, तुम्ही तरी सांगा ना यांना. मी महिनाभर डोकं घातलंय यात. सगळे म्हणतात, पहिलं कार्ड घ्या. चित्रच दिसलं नाही तर गेमला अर्थ काय?"

आता मी काय सांगणार? पोरीचं म्हणणं बरोबर होतं. मी दशरथला म्हणालो, "अरे, ऐक तिचं. शिकलेली आहे. स्टिअरिंग काय, पुढच्या दिवाळीला घे."

"पुढच्या दिवाळीला नको, मास्तर." ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तरच म्हणतात, दशरथ तर माझं नाव विसरला असेल. तो स्टिअरिंगवरचे हात न काढता बोलला. "चित्र चांगलं असलं काय आणि वाईट असलं काय, मला आता सारखंच. धूर दिसतो नुसता. या हातांना मात्र अजून सगळं कळतं."

"डॉक्टर तर म्हणाले होते, आहे तिथे थांबलंय," अक्षता म्हणाली.

"ते तुला मी सांगितलं होतं. डॉक्टर नव्हते म्हणाले."

पियुष उगाच एक वायर गुंडाळायला लागला. अक्षताने काउंटरवरची ती काळी पट्टी दोन्ही हातांनी पियुषकडे सरकवली.

"हे परत ठेवा. स्टिअरिंग पॅक करा," ती म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला. "आणि उरतील त्यात जुनी रॅम बसते का बघा. चित्राचं सगळं सेटिंग लो करून टाकते मी."

पियुषने रॅमची एक पट्टी शोधून काढली आणि अक्षताने न मागताच थोडे पैसे कमी केले. पुण्यातला दुकानदार आपणहून भाव कमी करतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारा फेकतोय.

घरी गेल्यावर अक्षताने कॉम्प्युटरचं खोकं उघडलं, रॅम खटकन बसवली, आणि स्टिअरिंग कपाटाच्या बाजूच्या टेबलाला आवळलं. पायडल मागे सरकतात म्हणून वहिनींनी त्यांच्यामागे तांदळाचा डबा लावला. गेममधलं शहर कुठलं तरी परदेशातलं; पण अक्षताने सेटिंगमध्ये जाऊन ड्रायव्हर उजवीकडे आणि वाहतूक डावीकडे केली होती. सगळ्या इमारती आता खोक्यांसारख्या चौकोनी दिसत होत्या आणि झाडं तर कोबीचे गड्डे. दशरथला त्याचं काही नव्हतं. तो ताठ बसला. बस डेपोतून काढली आणि पहिल्या स्टॉपला अशी लावली की दार बरोबर फुटपाथला. बटण दाबून दार उघडलं. पडद्यावरची ठोकळ्यांसारखी माणसं चढली. दार लागलं.

आणि बस तिथेच उभी.

"पप्पा, चढले सगळे. द्या ना रेस," अक्षता म्हणाली.

दशरथ हलेना. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत उशीर झाल्याचं आलं, मार्क कापले गेले.

"हँग झालं की काय?" अक्षता उठायला लागली. "आधी पण असंच व्हायचं यांचं. प्रत्येक स्टॉपला अडकायचे. मला वाटायचं, कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे."

तेवढ्यात दशरथने मान वर करून डावीकडे पाहिलं. तिथे भिंतीवर कॅलेंडर होतं. पण बसमध्ये त्याच जागी आरसा असतो, ज्यात ड्रायव्हरला मागचा कंडक्टर दिसतो. कॉम्प्युटरचा कसला प्रॉब्लेम! बेल दिल्याशिवाय हा बाबा जन्मात कधी स्टॉपवरून हलला नव्हता. गेम बनवणाऱ्या शहाण्यांनी बसमध्ये कंडक्टरच ठेवला नव्हता.

मी हातातला चहाचा स्टीलचा पेला रिकामा केला आणि चमच्याने दोनदा वाजवला. टण् टण्.

बस सुटली.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. बस झटके खात, थिजत, पुन्हा उसळत चालली होती, पण दशरथचे हात लोण्यासारखे फिरत होते. मीही मग खुर्ची ओढून त्याच्या मागे बसलो. परदेशातले स्टॉप गेले उडत! मी आमचेच पुकारायला लागलो. "सेव्हन लव्हज... पूलगेट... चला, स्टेशनवाले उतरून घ्या!" एक टण् थांबायला, दोन टण् निघायला.

"काका, एक खराडी," कॉटवर बसलेली अक्षता एकदम म्हणाली.

"सुट्टे काढा. आणि पुढे सरका," मी म्हणालो.

दशरथ हसला. खांदे हलण्याइतका हसला. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

येरवड्याच्या पुढे, म्हणजे मी जिथे येरवडा पुकारलं त्याच्या पुढे, एक मोठा चौक आला. दशरथने वेग कमी केला आणि बस हळूहळू नेऊन थांबवली. खरं तर सिग्नल हिरवाच होता. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. तो पडद्याच्या अगदी जवळ वाकला, मान एकदा इकडे तिरपी केली, एकदा तिकडे. मग पुन्हा ताठ बसला आणि वहिनींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला,

"मास्तर, लाल आहे का रे?"

माझ्या हातातला चमचा हातातच राहिला.

अक्षता कॉटवरून उठली. त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिली. तोवर सिग्नल बदलून खरंच लाल झाला होता.

"लाल आहे, पप्पा," ती म्हणाली. "थांबा. मी सांगते."

तो थांबला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, नजर समोर.

"आता हिरवा," अक्षता म्हणाली, आणि दशरथने बस काढली.