हंसाच्या नावाची ओळ

मंगळवारी सकाळी सव्वानऊला डॉक्टर बाहेर आले आणि हंसा गेल्याचं आत्मारामला कळलं. तो तेव्हा तिच्यासाठी घरून थर्मासमध्ये पेज घेऊन आला होता. थर्मास हातातच राहिला. डॉक्टर बोलत होते, तो मान हलवत होता. ते गेल्यावर भिंतीला टेकून उभी असलेली मुलगी, क्षितिजा, म्हणाली, "बाबा, पास्टरना फोन करा. आईला पुरायचंय."

हे त्याला सांगायची गरज नव्हती. आजारपणात हंसाने ते दहादा सांगितलं होतं. मला जाळू नका. मातीत ठेवा. क्रूस नसला तरी चालेल, पण मंडळी येऊन गाणं म्हणेल अशा ठिकाणी ठेवा.

अडचण अशी होती की कागदावर हंसा ख्रिस्ती नव्हती. परळ सोडून मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आल्यावर ती चर्चच्या मराठी उपासनेला जाऊ लागली, त्याला बारा वर्षं झाली. दोन वर्षांनी तिने बाप्तिस्म्याचा विषय काढला, तेव्हा आत्मारामनेच तिला थांबवलं. ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीची सवलत जाते. पोरीचं शिक्षण होऊ दे, मग घे. हंसा थांबली. क्षितिजाची दहावी झाली, बारावी झाली. यंदा तिला राखीव जागेवर एमबीबीएसला प्रवेश मिळाला आणि तिचा जातीचा दाखला पडताळणीला समितीकडे गेला. म्हणजे अजून थांबणं आलं.

बाप्तिस्मा नसेल त्याने प्रभुभोजन घ्यायचं नाही, असा मंडळीचा नियम. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकावरून हातोहात फिरायचं. हंसापाशी आलं की ती ते दोन्ही हातांनी घ्यायची आणि एकही तुकडा न उचलता पुढच्या बाईला द्यायची. आत्माराम शेजारी बसून हे दर महिन्याला बघत आला होता. त्याचा स्वतःचाही बाप्तिस्मा नव्हता, पण त्याला त्याचं काही वाटत नसे. तिला वाटायचं.

साडेअकराला तो आणि क्षितिजा चर्चच्या ऑफिसात बसले होते. समोर पास्टर उजगरे आणि मंडळीचे पंच दत्ताराम.

"रजिस्टरात नाव नाही," दत्ताराम म्हणाले. "दफनभूमीत जागा किती उरलीय ते बघा एकदा येऊन. नाव असेल त्यालाच देतो. नियम काय मी केला नाही."

"बारा वर्षं येत होती ती. तुमच्या मिसेसच्या शेजारी बसायची."

"कोण नाही म्हणतंय? पण दाखल्यासाठी नाव लपवलं कोणी? तुम्हीच ना? आता नाव नाही म्हणून आमच्यावर चिडताय."

"तिकडे सरकारला कागद पाहिजे, इकडे तुम्हालापण कागदच. माणूस कुठल्या खिडकीवर बघतात, तेवढं सांगा. तिथं जातो."

"दत्ताराम, जरा चहाचं बघता का?" पास्टर म्हणाले.

दत्ताराम कुरकुरत बाहेर गेले. पास्टरनी दार लोटून घेतलं.

"गुरुवारी हंसाताईंनी मला हॉस्पिटलात बोलावून घेतलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही समितीच्या ऑफिसात गेला होतात. मी त्यांना बाप्तिस्मा दिला. तिथल्याच स्टीलच्या ग्लासातलं पाणी घेतलं. मला म्हणाल्या, पास्टर, कोमट तरी आणायचं."

क्षितिजा हसली आणि तिने तोंडावर ओढणी धरली.

"मला बोलली नाही," आत्माराम म्हणाला.

"रजिस्टरात लिहू का विचारलं, तर म्हणाल्या, आधी ह्यांना विचारा. ह्यांच्या सहीशिवाय लिहू नका. मी तसा शब्द दिलाय." पास्टरनी जाड रजिस्टर उघडून त्याच्यापुढे सरकवलं. "आता लिहितो. नवरा म्हणून तुम्ही सही करा, दुपारी दफन करू. हल्ली दिवस कसे आहेत तुम्ही बघताय. हॉस्पिटलात मरायला टेकलेल्या बाईला बाटवलं म्हणून माझ्यावर तक्रार होईल. होऊ दे. माझं मी निस्तरेन. तुमचं तुम्ही ठरवा."

आत्मारामने पेन घेतलं. मागच्याच महिन्यात समितीचा माणूस चौकशीला बिल्डिंगमध्ये आला होता. घरात देव कुठले, लग्नं कशी लागतात, मयताचं काय करतात, असं शेजारी विचारत फिरला. हंसाने बायबलच्या वचनांचं कॅलेंडर कपाटाच्या दाराला आतून लावलेलं होतं, ते त्याला दिसलं नाही. समोरच्या मिनलबेननी त्याला सांगितलं, "अपने जैसा ही है सब, अच्छे लोग है." जाताना तो म्हणाला होता, परत एकदा येईन. आता आला तर मिनलबेन काय सांगणार? आई पुरली म्हटल्यावर घर ख्रिस्ती, असं लिहायला त्याला किती वेळ लागणार?

"बाबा, सही करा," क्षितिजा म्हणाली. "माझं मी बघते."

"काय बघतेस?"

"नर्सिंग करेन. तसंपण आईला डॉक्टर कधी आवडले नाहीत."

"तुझ्यासाठी तिने दहा वर्षं ते ताट पुढे सरकवलं. ते मी एका सहीने फुकट घालवू?"

"माझ्यासाठी म्हणून मला नका सांगू," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

आत्मारामने पेन खाली ठेवलं. चहा घेऊन दत्ताराम आत आले, त्यांनी तिघांकडे बघितलं आणि कप टेबलावर ठेवले.

चार वाजता हंसाला स्मशानात नेलं. त्याआधी घरी मिनलबेननी रडत रडत तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं, गंगाजल घातलं. त्यांनी ते आपल्या देव्हाऱ्यातून आणलं होतं. क्षितिजाने बापाकडे बघितलं. त्याने मानेनेच राहू दे म्हटलं. मनापासून करणाऱ्या बाईला काय सांगणार? खांदा द्यायला दत्ताराम आले होते आणि शेवटपर्यंत त्यांनी खांदा बदलला नाही. पास्टर साध्या शर्टात स्मशानाच्या फाटकाशी उभे होते, बायबल प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांचे ओठ हलत होते. गाणं कोणी म्हटलं नाही.

समितीचा माणूस परत आलाच नाही. सहा आठवड्यांनी वैधता प्रमाणपत्र मिळालं. क्षितिजाने ते जेवणाच्या टेबलावर बापापुढे ठेवलं.

"आता?" तिने विचारलं.

"प्रमाणपत्र नंतर रद्दपण करतात. डिग्री हातात येऊ दे," तो म्हणाला आणि बोलता बोलता थांबला. हंसाला तो ह्याच आवाजात सांगायचा.

क्षितिजाने प्रमाणपत्र उचललं, फाईलला लावलं आणि ताटं घेतली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं उपासनेला गेले आणि हंसाच्या बाकावर बसले. ताट आलं. आत्मारामने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि क्षितिजाकडे दिलं. तिने ते पुढे दिलं.

रजिस्टरात पास्टरनी दोन नावांच्या मधली एक ओळ कोरी ठेवली आहे. तिच्यावर हंसाचं नाव लिहायचं राहिलं आहे.