झेंडूच्या हाराखाली झाकलेली लाल फीत

मित्रांनो, मी एक जुनी लाल फीत आहे. जुनी म्हणजे कडेचे दोरे सुटलेली आणि धुवून धुवून विटलेली. ओळखपत्र गळ्यात अडकवायला जी फीत असते ना, तीच मी. आता माझ्या टोकाला ओळखपत्र नाही, एक किल्ली आहे. ती माझ्याकडे कशी आली, ते ऐकायचं असेल तर जरा सावकाश बसा. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

माझा जन्म जयपूरच्या झोटवाड्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. यंत्रांचा खडखडाट एवढा, की शेजारची फीत काय म्हणते ते ऐकू यायचं नाही. बऱ्याच जणी निळ्या रंगात बुडाल्या, आम्ही थोड्या जणी लाल. लाल रंग चढला तेव्हा मी केवढी फुशारले होते! मला वाटलं, लाल म्हणजे लग्नकार्य, आता कुठल्या तरी नवरीच्या सामानात आपण मिरवणार. कसलं काय! आम्हाला खोक्यात भरलं आणि थेट तिलक नगरात हरिभाऊंच्या घरी पोचवलं.

हरिभाऊ कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मूळचे साताऱ्याचे, पण नोकरीची सगळी वर्षं जयपुरात गेलेली. नकाशांचं त्यांना भारी वेड. जगभर अशी हौशी माणसं आहेत, जी आपापल्या गावातले रस्ते, नळ, दवाखाने नकाशावर चढवतात आणि तो नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवतात. त्या मंडळींची सभा हरिभाऊ जयपुरात भरवत असत. तिथला रिवाज असा, की निळी फीत घातलेल्याचा फोटो खुशाल काढावा. लाल फीत घातलेल्याचा काढायचा नाही. का, म्हणून विचारायचंही नाही.

हे कळल्यावर नवरीबिवरीचं माझं वेड उतरलं. काम मोठं होतं. पण पहिल्या सभेत माझी थट्टाच झाली. एका गृहस्थांनी शर्टाला शोभते म्हणून मला उचललं आणि दिवसभर माझ्यासकट फोटो काढून घेत फिरले. सभा संपली, खोकं माळ्यावर गेलं. हरिभाऊंच्या पत्नी लताबाईंनी मला तेवढं बाहेर ठेवलं, ते गॅलरीतल्या मनीप्लांटची वेल बांधायला. जयपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, मे महिन्यात लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. त्या कठड्याला बांधलेली मी! माझा रंग विटला तो तिथे. कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

आणि मग एका वर्षी या नकाशावाल्यांची आंतरराष्ट्रीय परिषद जयपूरला मिळाली. हरिभाऊंचे पाय जमिनीवर ठरेनात. लाल फिती कमी पडायला लागल्या, तशी लताबाईंनी मला वेलीवरून सोडवलं, धुतलं, इस्त्री केली. परिषदेच्या आदल्या दिवशी मी पुन्हा टेबलावर, बाकीच्या बहिणींबरोबर.

तिथे स्वप्नाली आली. मूळची महाराष्ट्रातल्या नगरकडची, शांत, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी. झोटवाड्यातले सगळे दवाखाने आणि सार्वजनिक नळ तिने पायी हिंडून नकाशावर चढवले होते, आणि परिषदेत त्यावर ती बोलणार होती. तिने निळ्या फितींकडे पाहिलंच नाही. मला उचललं, गाठी तपासल्या आणि गळ्यात घातलं.

घरी तिची मुलगी शमिका दारातच उभी होती. "आई, सगळ्यांच्या निळ्या आहेत म्हणालीस. मग तुझी लाल का?"

स्वप्नाली तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "आपण जयपुरात राहतो हे बाबांना कळायला नको ना, म्हणून. ही घातली की कुणी माझा फोटो काढत नाही."

"मतलब, ही आपली चौकीदार आहे?"

"हो गं. तशीच."

बाबा म्हटल्यावर शमिकाने आपला डावा हात पोटाशी धरला, तो पूर्वी कधीतरी मोडलेला होता. बाबांच्या घरातून निघून आल्यावर आईने दोन गावं बदलली होती, शमिकाने दोन शाळा. इथे तिला पहिल्यांदा मैत्रीण मिळाली होती. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या लाल रंगाचं ओझं वाटलं. एवढा भरवसा माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

परिषद सुरू झाली. किती देशांची माणसं, किती भाषा! हरिभाऊंनी व्यासपीठावरून नियम वाचून दाखवले. कुणाला न विचारता हात लावू नये, कुणाच्या वेषाची, बोलण्याची टवाळी करू नये, लाल फितीचा मान राखावा. कुणाला काही त्रास झाला तर केशरी जाकीट घातलेल्या प्रभाताईंकडे जावं. प्रभाताई लष्करी रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर वैशाली नगरात स्थायिक झालेल्या. बोलणं तुटक, पण माणूस मायेचं.

छायाचित्रकार मिहीर जयपुरातच वाढलेला मराठी मुलगा. फोटो घेण्याआधी तो प्रत्येकाचा गळा बघायचा. सकाळी स्वप्नालीला पाहून त्याने कॅमेरा खाली केला, मान लववली आणि पुढे गेला. मी मनातल्या मनात त्याला आशीर्वाद दिला. वाटलं, जमलं बाई आपल्याला.

दुपारी सगळ्यांचा एकत्र फोटो होता. लाल फितीवाल्यांनी तेवढा वेळ बाजूला थांबायचं, असं ठरलेलं. पण हरिभाऊंच्या मनात पाहुणचार मावत नव्हता. भल्या सकाळी फुलबाजारातून झेंडूच्या हारांच्या टोपल्या आणवल्या होत्या. "पाहुण्याला हार घातल्याशिवाय जयपुरात काही होतं काय? आणि घरची माणसं तरी का कोरडी ठेवायची!" असं म्हणत ते एकेकाच्या गळ्यात हार घालत सुटले. अगदी गळ्याशी दाटून बसणारे, मनगटाएवढे जाड हार.

एक स्वप्नालीच्याही गळ्यात पडला. आणि माझ्यापुढे अंधार झाला.

"सर, मी जरा बाजूला..." ती म्हणाली. पण शेजारी नगारा वाजत होता. "चला चला, तुमच्याशिवाय फोटो कसला?" म्हणत हरिभाऊंनी तिला हाताला धरून रांगेत उभं केलं. मागे माणसं, पुढे माणसं. तिने मिहीरकडे पाहिलं. तिला वाटलं, हा सकाळसारखा गळा बघेल आणि बाजूला व्हायला सांगेल. मिहीरने खरोखरच सगळ्यांचे गळे पाहिले. त्याला दिसली ती फुलं. मी फुलांखाली गुदमरले होते, हलताही येत नव्हतं. देवा, मला तोंड असतं तर!

कॅमेऱ्याचा आवाज झाला आणि स्वप्नालीचा हात गळ्याकडे गेला. झेंडूत बोटं खुपसून तिने मला चाचपलं.

जेवणाच्या वेळी तो फोटो भल्या मोठ्या पडद्यावर झळकला आणि परिषदेच्या संकेतस्थळावरही चढला. खाली ओळ होती, 'जयपूरची आपली मंडळी'. पुढच्या रांगेत स्वप्नालीचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता.

ती प्रभाताईंच्या टेबलापाशी गेली. तिने हार उतरवला आणि मला नुसतं हातात धरून पुढे केलं.

"फोटो निघाला?" प्रभाताईंनी विचारलं. तिने मान हलवली.

"बस इथे. पाणी पी. घरी जायचंय की थांबायचंय, ते तू ठरव. बाकीचं माझ्याकडे लागलं."

त्यांनी मिहीर आणि हरिभाऊंना बोलावलं. मिहीरने कॅमेरा टेबलावर ठेवला. "ताई, मी बघूनच काढतो. मतलब, मला लाल दिसलीच नाही." तो तिथल्या तिथे फोन काढून पडद्यावरचा आणि संकेतस्थळावरचा फोटो उतरवायला लागला.

हरिभाऊ मात्र हळहळले. "अहो, इतका झकास आलाय फोटो! एका माणसासाठी सगळाच काढायचा? त्यांचा तेवढा चेहरा पुसून टाकू."

"एकच चेहरा पुसला की सगळे विचारणार, हा कोणाचा म्हणून. लोक जुना फोटो शोधून बघतील," प्रभाताई म्हणाल्या.

"पण कारण तरी कळू द्या."

"तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लाल फीत आहे, हे कारण पुरे. नियम तुम्हीच वाचलेत ना सकाळी?"

हरिभाऊंनी टेबलावर पडलेल्या हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग ते तडक व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, "मघाचा फोटो काढताना चूक झाली. चूक माझी. ज्यांनी तो घेतला असेल, पुढे पाठवला असेल, त्यांनी कृपया पुसून टाकावा. कारण विचारू नये." सभागृहात कुजबुज झाली. काही जण कुरकुरले. केनियाहून आलेल्या एका आजोबांनी तो नातवंडांना पाठवला होता. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला, पोरांकडून पुसून घेतला आणि मगच ताटाला हात लावला. उरलेला दिवस प्रभाताई टेबलाटेबलाशी जाऊन नम्रपणे तेच सांगत राहिल्या. स्वप्नालीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

स्वप्नालीने आपलं भाषण केलं. झोटवाड्यातला एकेक नळ, एकेक दवाखाना दाखवत ती शेवटपर्यंत बोलली. मी तिच्या गळ्यात होते, या वेळी फुलांशिवाय.

घरी आल्यावर मात्र तिने कपाटावरची बॅग खाली काढली. शमिकाचे कपडे, दप्तर, दोघींचे कागद त्यात भरून तिने ती दारापाशी ठेवली. शमिका बघत होती.

"आई, परत शाळा बदलायची?"

आईने बॅगेची चेन लावून घेतली. मला इतकं वाईट वाटलं, की काय सांगू! कारखान्यात जन्मले, कठड्यावर भाजले, त्याचं काही नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत या पोरीची मैत्रीण सुटणार होती.

पुढचे दिवस दोघी जिन्यातल्या प्रत्येक पावलाला दचकायच्या. संध्याकाळी प्रभाताईंचा फोन यायचा. "काही हवंय का?" एवढंच विचारायच्या. फोटो कुठे दिसतोय का, ते मिहीर रोज शोधत होता. हरिभाऊ स्वप्नालीच्या घरी आले नाहीत. त्यांनी प्रभाताईंना विचारलं, "त्या भेटतील का मला? नाही म्हणाल्या तरी चालेल." स्वप्नाली प्रभाताईंना म्हणाली, भेटते, पण तुमच्या घरी.

तिथे हरिभाऊ तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, मी नियम वाचले वरून आणि मोडले खाली उतरून. तुम्ही नको म्हणत होता, ते मी ऐकलंच नाही. पाहुणचाराच्या नादात तुम्हाला हाताला धरून ओढलं. मला माफ करा."

स्वप्नाली रडली. मग म्हणाली, "सर, फुलं हातात देत चला."

पुढे महिने गेले. कुणी आलं नाही. फोटो कुठे उगवला नाही. एक दिवस स्वप्नालीने दारातली बॅग उघडली, कपडे पुन्हा कपाटात लावले आणि रिकामी बॅग वर टाकली. शमिका तेवढा वेळ दारात उभी राहून नुसती बघत होती. मग धावत खाली मैत्रिणीकडे पळाली.

आता हरिभाऊंच्या सभेत हार नसतात. झेंडूची एकेक जुडी हातात देतात, आणि फोटोआधी मिहीर मोठ्याने विचारतो, "कुणाला बाजूला व्हायचंय का?" लाल फितीवाले आरामात बाजूला होतात, कुणी वळून बघत नाही. स्वप्नाली मला परत करायला गेली होती. प्रभाताईंनी मला तिच्याच हातात परत ठेवलं. घरी येऊन तिने माझ्या टोकाला घराची किल्ली अडकवली आणि मला शमिकाच्या गळ्यात घातलं.

मित्रांनो, कधी कुणाच्या गळ्यात माझी बहीण दिसली, तर कॅमेरा खाली घ्या. तिच्यापर्यंत तुमची नजर पोचू द्या, तुमचं प्रेम तिच्या आड येऊ देऊ नका. आणि कुणी अर्ध्या आवाजात 'मी जरा बाजूला' म्हणालं, तर नगारा थांबवून ऐका.

आता पुरे. शाळा सुटली आहे. मी शमिकाच्या गळ्यात आहे, ती जिना चढते आहे. डाव्या हातात दप्तर, उजव्या हातात माझ्या टोकाची किल्ली. दाराशी पोचल्यावर ती किल्ली कुलपाला लावते. गेल्या वर्षीचंच दार आहे. तिसरी शाळा अजून तीच आहे.