तीन बोटं कोणाची?

शेवटी डोमा रामटेकेने तोंड उघडलं, डॉक्टर मॅडमनी आत पाहिलं आणि डोमाचा एक तुकडा नागपूरला गेला.

आता हे विसरून जा. असं काही झालेलं नाही. डोमाचं तोंड बंद आहे, तोंडात खर्रा आहे, आणि त्याची सून रत्नमाला अंगणातला नळ नाकाला पदर लावून घासते आहे. आपण इथून सुरू करू.

नळ घासावा लागायचा, कारण डोमा चूळ नळावर भरायचा आणि टाकायची कुठे याचा निर्णय तोंडावर सोडायचा. तोंड म्हणेल तिथे. तोटीवर, बादलीच्या कानावर, तुळशीला लाजवेल अशा टवटवीत मिरचीच्या रोपावर. रोप टवटवीत होतं, पण त्याच्या मिरच्या घरात कोणी खात नव्हतं.

रत्नमाला पवनी तालुक्यातल्या मोहटोला गावची आशा. म्हणजे आरोग्य खात्याची आशा; तिची स्वतःची आशा कधीच सुटली होती. त्या वर्षी तिच्याकडे तंबाखूमुक्तीची मोहीम आली. घरोघर जायचं, लोकांना आ करायला लावायचं, आत टॉर्च मारायची. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहाताने घोटला की खर्रा होतो, आणि मोहटोल्याचं अर्धं आयुष्य घोटण्यात जायचं, उरलेलं थुंकण्यात. त्यामुळे टॉर्चच्या उजेडात दिसायचं ते असं: दातांवर कत्थई शेवाळ, फटींमध्ये कायमच्या मुक्कामाला आलेली सुपारी, आणि जिभेखाली जपून ठेवलेला कालचा माल. "थांब बाई, थुंकून येतो," म्हणून सभ्य माणसं दारापर्यंत जायची. दारात तिच्या चपला असायच्या.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोहिमेचं चित्र रंगवलं होतं. एक माणूस, त्याचा उघडा जबडा, खाली 'येथे थुंकू नये'. पेंटरने जबडा मोठा काढला, ही त्याची चूक. गावाला नेम धरायला जागा मिळाली. आठवड्याभरात चित्रातला रोग इतका वाढला की पेंटर दुसऱ्या कामासाठी आला तेव्हा स्वतःचंच चित्र बघून उलटी करून गेला.

पण रत्नमालाची खरी काळजी भिंतीवर नव्हती, घरात होती. डोमाने भाकर सोडली होती. भात पाणी घालून गिळायचा. जांभई आली तर ती नाकातून काढायचा. एकदा त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा तिला ओझरता दिसला होता, आणि तसाच चट्टा तिने प्रशिक्षणातल्या पडद्यावर पाहिला होता. त्या फोटोतल्या माणसाचं पुढे काय झालं, हे सरांनी चहाच्या आधी सांगितलं होतं, म्हणून चहा कोणी घेतला नव्हता. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकदा भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखवावं, एवढंच तिला हवं होतं. बाकी गाव थुंकीत वाहून वैनगंगेला मिळालं असतं तरी तिने हात हलवला नसता.

"मामाजी, भंडाऱ्याले चला."

"कायले? मले का झालं?"

"तोंड उघडून नाई राहिलं तुमचं."

"मी कमी बोलतो म्हून तुले तसं वाटते."

"कमी बोलते म्हणे!" सासू मंगलाबाई चुलीपासून ओरडली. "तोंडात माल असते म्हून गप असतेत. अवो, गेल्या दिवाळीपासून यायनं मले नावानं हाक नाई मारली. नुसतं हुं करतेत. मी ओ देतो, शेजारची म्हैसही ओ देते."

रत्नमालाने पोस्टर आणून दाखवलं. त्यावर ठळक लिहिलं होतं: 'तोंडात तीन बोटे उभी जात नसतील तर त्वरित तपासणी करा.'

डोमाने पोस्टर दोनदा वाचलं. मग शेजारच्या कामिनीची रांगणारी पोर ओट्यावर खेळत होती, ती उचलून मांडीवर घेतली, आणि तिची तीन बोटं स्वतःच्या तोंडात घातली. गेली. उभी गेली, आडवी गेली, वर जागा उरली.

"झाली तपासणी," तो म्हणाला.

"मामाजी, बोटं आपली घालायची असतेत!"

"कोणाची तीन बोटं? कागदावर लिवलं हाये का? दाखव कुठं लिवलं हाये."

लिहिलेलं नव्हतं. रत्नमालाने पोस्टर उलटून मागची बाजूही पाहिली. तेवढ्यात कामिनी धावत आली, पोरीची लाल झालेली बोटं बघून किंचाळली आणि तिने ती बोटं साबणाने, राखेने आणि पुन्हा साबणाने धुतली. पोर मात्र खुशीत होती. धुण्याआधीच तिने बोटं चाटली होती आणि तोंड वाकडं केलं होतं. मोहटोल्यात खर्र्याला पहिला विरोध तिने नोंदवला.

ही पळवाट दुपारपर्यंत कवडूच्या पानठेल्यावर पोचली. कामिनीने पोरीला दाराआड ठेवलं, म्हणून कवडूने बांबूच्या तीन बारीक काड्या सुतळीने बांधल्या आणि ठेल्याला लटकवल्या. वर पाटी: 'सरकारी मापाची तीन बोटे. खर्र्यासोबत तपासणी फुकट.' अख्खं गाव त्या काड्या तोंडात घालून निरोगी निघू लागलं. एकाच्या तोंडातून निघाल्या की कवडू त्या लुंगीला पुसायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. लुंगीचा मूळ रंग कोणता, यावर गावात दोन पक्ष होते.

"बेशरमा, त्या काड्या तरी धू!" रत्नमाला ठेल्यावर जाऊन ओरडली.

"धुतल्या तं माप बदलते, ताई," कवडू म्हणाला. "बांबू फुगते."

त्या दिवशी ती घरी येऊन उपाशी झोपली.

मोहिमेच्या शेवटी गावात पथनाट्य करायचं होतं, आणि तपासणीला दाताच्या डॉक्टर मॅडम येणार होत्या. रत्नमालाने नाटक स्वतः लिहिलं. त्यात एकच मोठं पात्र होतं, खर्रासुर. ते पात्र डोमालाच द्यावं लागणार हे उघड होतं. दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, राक्षस म्हणजे डोमा. त्याची गर्जना ऐकून शेजारच्या कोंढा गावच्या लोकांनी एकदा ढग आले समजून धान झाकलं होतं. शिवाय दात रंगवायचा खर्च वाचत होता.

"राक्षस का करते यात?" डोमाने विचारलं.

"गर्जना करते, आन् अख्खं गाव गिळते."

"गाव म्हणजे?"

"आत्यानं केलेला आलूबोंडा," रत्नमालाने सासूकडे बोट दाखवलं. "अख्खा तोंडात टाकायचा."

डोमाने गालावरून हात फिरवला. पण राक्षसाचं काम नाकारणं त्याच्या रक्तात नव्हतं. "टाकतो ना," तो म्हणाला. "मी कोंबडं गिळलं हाये दंडारीत."

विहाराजवळच्या मैदानात भरदुपारी नाटक झालं. डॉक्टर मॅडम पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या. डोमा काळं घोंगडं पांघरून आला, छाती पुढे काढली, मान मागे टाकली आणि गर्जना केली.

बाहेर शिट्टी आली. कुकरची असते तशी, तीही एकच.

लोक हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. डोमाने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा शिट्टी. मग त्याने आलूबोंडा उचलला आणि तोंडात कोंबला. बोंडा जाईना. त्याने तळव्याने दाबला. बेसन ओठांवर फुटलं, आतला बटाटा नाकाकडे चढला, आणि खर्र्याची लाल लाळ त्यात कालवून हनुवटीवरून घोंगड्यावर उतरली.

"राक्षस उपाशी मरते बाप्पा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अरे, काड्या द्या त्याले, काड्या!"

कवडू खरोखरच काड्या घेऊन पुढे आला. रत्नमालाला ओकारी आली आणि रडूही आलं. कोणतं आधी यावं यावर दोघांचं एकमत होईना. तिने डोळे मिटले.

उघडले तेव्हा डोमा तोंडावरचा बोंडा पुसत मॅडमच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला होता. हसणं आता थांबलं होतं. त्याने कवडूच्या काड्या बाजूला सारल्या, स्वतःची तीन बोटं वर धरली आणि तोंडाशी नेली. एक गेलं. दुसरं नखापर्यंत. तिसरं बाहेरच उभं राहिलं.

"पाहा बाई," तो म्हणाला. "जेवढं उघडते तेवढं."

मॅडमनी टॉर्च मारली. आधी डावा गाल पाहिला, नंतर उजवा. मग म्हणाल्या, "बाबा, उद्याच भंडाऱ्याला या. सूनबाईला सोबत आणा."

भंडाऱ्याला गालाच्या आतला छोटा तुकडा काढला आणि तपासणीसाठी नागपूरला पाठवला. डोमा गालात कापूस धरून बसमध्ये बसला. पवनी गेल्यावर अडखळत, कापसामागून म्हणाला, "माह्या आधी माहा गाल नागपूरले गेला."

दुसऱ्या दिवशी कवडू स्वतः खर्र्याची पुडी घेऊन आला. डोमाने घेतली नाही. "नाई," तो म्हणाला. "माहा तुकडा परत येत नाई तोवर त्या जागी दुसरं काही ठेवत नाई. आला की खाईन. अर्ज कर, रत्ना."

मंगलाबाई कपाळाला हात लावून हसली. "अवो, ते का परत करतेत होय?"

"आत्या, मधात नका बोलू," रत्नमाला घाईने म्हणाली. तिने नळावर हात स्वच्छ धुतले, ओट्यावर बसली आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं:

'प्रति, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, भंडारा. विषय: गालाचा तुकडा परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदार डोमा रामटेके, रा. मोहटोला, यांच्या उजव्या गालाचा तुकडा तपासणीकामी शासनाने नेला आहे. सदर तुकडा अर्जदाराच्या वडिलोपार्जित मालकीचा आहे. तरी तपासणी पूर्ण होताच तो आहे त्या स्थितीत, पूर्वीच्याच जागी, शासकीय खर्चाने बसवून देण्यात यावा, व तसे होईपर्यंत अर्जदार खर्रा खाणार नाही याची नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.'