शपथेचा सातवा दिवस

पाण्याच्या वाटीत देवदाराची बारीक काडी तरंगत होती. वाकासाने ती करंगळीने बाजूला केली, घोट घेतला आणि तोंडात तसाच धरून ठेवला… गिळायचं कसं तेच आठवेना.

"सावकाश, बाईसाहेब," पहाऱ्यावरचा म्हातारा यासाबुरो म्हणाला. "ठसका लागला तर मला वर कळवावं लागेल. शपथ खोटी म्हणून!"

"आणि तुम्हाला लागला तर, काका?"

"मी कुठे शेत मागतोय?"

जपानच्या या कामाकुरात गादी सरसेनापती शोगुनची, कारभार होजो घराण्याचा. आणि होजोंच्या न्यायसभेपुढे साक्षीदार नसला की शपथ घेऊन सात दिवस देवळात बसायचं. नाकातून रक्त आलं, उंदराने बाही कुरतडली, घारीने अंगावर घाण केली, ठसका लागला—संपलं, तुम्ही खोटे. वाकासाची शपथ एवढीच, की मरताना नवऱ्याने, तामेहिराने, नदीकाठचं शेत तिला दिलं. सावत्र मुलगा म्हणे, दिलंच नाही. शेत गेलं की तो घराबाहेर काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आज शेवटचा दिवस. ती मनाने पुन्हा नवरा गेला त्या खोलीत गेली—कोळशाचा वास, त्याचा तापलेला तळवा, 'नदीकाठचं तुझं'… पहिल्या दिवशी आवाज घोगरा होता, त्याचाच. रोज तेच वाक्य उगाळता उगाळता चंदन संपलं आणि सहाण तेवढी ओली राहिली. आता ओठ त्याचे हलतात, आवाज माझा येतो. की मीच विचारलं होतं—नदीकाठचं माझं ना?—आणि त्याने नुसते डोळे मिटले? ते 'हो' होतं, की मरण?

वर घार घिरट्या घालत होती. आपण वळचण सोडून अंगणाच्या मधोमध येऊन बसलोय, हे वाकासाच्या उशिरा लक्षात आलं, आणि ती स्वतःलाच घाबरली. टाक काय टाकायचं ते, बाई… घार समुद्राकडे निघून गेली.

सूर्य बुडाला. यासाबुरो गुडघे धरत उठला. "काही म्हणजे काही नाही! देवाने साक्ष दिली, बाईसाहेब. शेत तुमचं!" त्याचे डोळे पाणावले होते.

तिने मान लववली. हसायला हवं होतं. मनातल्या मनात तिने हाक मारली—अहो…—आणि उत्तर आपल्याच आवाजात येईल या धास्तीने ती घाईघाईने उठून उभी राहिली.