भिंतीवर काय लिहिलंय?

"भिंत दाखव. पूर्ण. वरपासून खालपर्यंत," परीक्षाप्रमुख बाई म्हणाल्या आणि तोंडातलं बिस्कीट गिळलं.

मी मोबाइल उचलून भिंतीवरून फिरवला. पडद्यावर तीन चौकटी होत्या. एकीत या बाई. दुसरीत प्राचार्य, त्यांचं नुसतं कपाळ आणि नाकपुड्या दिसत होत्या. तिसरीत आमचे कोच, आवाज बंद ठेवून बसलेले.

"काही लिहिलेलं नाहीये, मॅडम. बघा ना."

"मग ऑनलाइन पेपरच्या वेळी सारखी वर काय बघत होतीस? रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे. मान वर, डोळे एकाच जागी, आणि ओठ हलतायत."

आता यांना काय कपाळ सांगणार! मी वेटलिफ्टर आहे. बारला हात घालण्याआधी आम्ही समोर एक ठिपका धरतो. तिथून नजर हलवायची नाही, श्वास मोजायचे आणि मग उचलायचं. लॉकडाऊन लागल्यापासून जिमला कुलूप, म्हणून मी लोखंडी पाइपाच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधून याच खोलीत उचलते. पिशवी जरा जोरात टेकली की खालच्या काकू झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात. कपाटाच्या वर खिळा उपटल्याचं भोक आहे, तो माझा ठिपका. व्यायाम झाला की घाम पुसायचा आणि त्याच खोलीत लेक्चरला बसायचं. मग पेपरात गणित अडलं की डोळे आपोआप त्या भोकाकडे जातात. ओठ हलतात ते श्वास मोजताना.

हे सगळं मी सांगितलं. अगदी शहाण्या मुलीसारखं, आवाज न चढवता.

"भोकात बघून उत्तर सापडतं? छान," नाकपुड्या म्हणाल्या. बाई खुदकन हसल्या.

"सर, तुम्ही सांगा ना. तुम्हीच शिकवलंय हे," मी कोचना म्हटलं.

हा माणूस मला लाडानं 'क्रेन' म्हणतो. माझे घरातले व्हिडिओ 'खेळ आणि अभ्यासाचा समतोल' म्हणून कॉलेजच्या पानावर टाकतो आणि शाबासक्या स्वतः घेतो. त्यानं आवाज चालू केला, खाकरला.

"म्हणजे, एकाग्रतेसाठी तसं करतात काही जण. पण परीक्षेचं मॅडमनाच जास्त कळतं."

पुन्हा आवाज बंद. शी! इतकी किळस आली मला त्याची, वाटलं फोन बादलीत बुडवावा.

"कपाट उघड," बाई म्हणाल्या.

"त्यात आमचे कपडे आहेत."

"उघड म्हटलं ना?"

उघडलं. माझे आणि आईचे आतले कपडे, औषधांच्या पट्ट्या, जुनी चादर. प्राचार्य आत्तापर्यंत मागे रेलून होते, ते नेमके तेव्हा पुढे सरकले. मी दार धाडकन आपटलं.

"हा उद्धटपणा नको," ते म्हणाले. "कॉपी नोंदवली तर वर्ष गेलं आणि टीममधूनही नाव गेलं. नाहीतर चूक झाली म्हण. पेपर पुन्हा लिही, विषय संपला."

"न केलेली चूक मी कबूल करणार नाही."

कोचचा मेसेज आला: 'क्रेन, म्हणून टाक ना. काय जातंय तुझं?' काय जातंय म्हणे! याच्याकडे जाण्यासारखं काही कधी असलं असतं तर कळलं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली. रोज सकाळी ती माझ्यामागे उभी राहते, पाइप सुटलाच तर धरायला. मी त्या भोकाकडे बघितल्याशिवाय हात घालत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. म्हटलं, आता यांची खैर नाही. माझी आई भांडायला उभी राहिली की खालच्या काकूसुद्धा दार लावून घेतात.

ती कॅमेऱ्यासमोर येऊन हात जोडून उभी राहिली.

"चुकलं साहेब तिचं. लिहिलं होतं तिनं भिंतीवर. मी पुसलं ते. पदरात घ्या पोरीला."

"आई! अगं काय बोलतेयस?"

"तू गप बस गं."

बाईंचा चेहरा कसा खुलला! "बघ, आईंना किती समज आहे. आधीच कबूल केलं असतंस तर?" प्राचार्यांनी सोमवारी पेपर द्यायला सांगितलं. कोचनी 'छान' म्हणून अंगठा वर केला आणि आता कुठे त्यांना कंठ फुटला, "उद्याचा व्हिडिओ वेळेत पाठव हं, क्रेन." मग एकेक चौकट गेली.

"तुला माहीत होतं ना सगळं?" मी ओरडले. "मग का म्हणालीस असं? चोर ठरवलंस मला!"

काळ्या पडद्यासमोर ती तशीच उभी होती, मान खाली, हात जोडलेले.

"आई, गेले ते लोक."

तरी तिचे हात सुटेनात. शेवटी मीच ते धरले आणि खाली घेतले.