तुना डस्टर पडना

मी एक जुना लाकडी डस्टर आहे. माझ्या पाठीवर एक चीर आहे. ती कशी पडली, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे, मित्रांनो.

बारकू मिस्त्रींनी दरवाजाच्या उरलेल्या सागापासून मला घडवले, पोटाला जाड लोकरी कापड चिकटवले आणि अंबडच्या या शाळेत आणून दिले. फळा पुसायचा, एवढेच माझे काम. मला बाहेरच्या भिंतीवर झटकायला कोण नेणार, यावरून मुले भांडत. खडूच्या धुरळ्यात शिंकत शिंकत हसत. ते माझे कौतुकाचे दिवस.

मग पूजा मॅडम आल्या. नोकरी नवी, मुले बावन्न आणि आवाज बारीक. वर्ग गप्प होईना म्हणून त्या मला टेबलावर आपटू लागल्या. मुलांना त्या आवाजाची सवय झाली, तशा आणखी जोरात आपटू लागल्या.

जुलैत सटाण्याहून तृप्ती आली, तिकडची घरची बोली घेऊन. वडिलांना इथल्या कंपनीत काम लागले होते. चौथ्याच दिवशी, अशी आपटाआपट चालू असताना मी मॅडमच्या हातून निसटलो. तृप्ती पटकन उभी राहिली.

"बाई, तुना डस्टर पडना!"

वर्ग खो खो हसला. "तुना, तुना!" हर्षल बाक बडवत ओरडला.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मला तू म्हणतेस? हात पुढे कर."

माझी कड तिच्या बोटांवर बसली. आठ वर्षांच्या मुलीची बोटे ती, त्यांवर मांस कितीसे असणार! दुसऱ्या फटक्याला तिने हात मागे घेतला आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावर आदळलो. तीच ही चीर.

त्यानंतर तृप्ती बोलायचीच थांबली. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करी. आठवड्याने तिची आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, घरी पण बोलत नाय ती. शनिवारपर्यंत बघतो, नायतर आजीकडे परत धाडतो. शाळा सुटली तर सुटली."

"अहो, पण मला उलट बोलली ती. तू म्हणाली."

आई गोंधळली. "उलट? मॅडम, ती मला तूच म्हणते. आजीलाबी तूच. आमच्याकडे 'तुम्ही' म्हणतात ते परक्या माणसाला."

मॅडमनी मला टेबलावर ठेवले, अगदी हळू. मग दारापाशी जाऊन त्यांनी आईला काहीतरी विचारले आणि तिचे शब्द दोनदा पुटपुटून पाहिले.

शुक्रवारी मला हातात घेऊन त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. "तृप्ती, माझं चुकलं. काय म्हणालीस ते समजून न घेताच मी मारलं."

तृप्तीची मान खालीच. मागून हर्षलने सवयीने सुरू केले, "तुना, तुना..."

मी अंग चोरले. आता टेबल! पण मॅडम त्याच्या बाकापाशी चालत गेल्या. "हर्षल, छान म्हणतोस की. मग तृप्ती सांगेल तेव्हा तिच्याकडून पाच शब्द शिकायचे आणि सगळ्या वर्गाला शिकवायचे. चिडवायचे नाहीत, शिकवायचे. जमेल?" हर्षलने कान खाजवला.

मग त्या वळल्या. अडखळत म्हणाल्या, "तृप्ती, मना डस्टर कोठे शे?" आणि टेबलाखाली वाकून शोधू लागल्या. खण उघडून पाहिला. फळ्यामागेही डोकावल्या.

तृप्ती बराच वेळ बघत राहिली. मग तिला राहवेना.

"तुना हातमा शे, बाई!"

वर्ग हसला, मॅडम हसल्या. तोंडावर हात धरून तृप्तीही हसली. त्या हाताची दोन बोटे अजून निळी होती. ती सटाण्याला परत गेली नाही.

आता वर्गात पांढरा फळा आला आहे. मी कपाटात जुन्या नकाशांखाली पडून असतो. मला टाकून दिलेत तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या शिक्षक होतील, कुणी आईबाप. पोर उलट बोलले असे वाटेल, तेव्हा आधी आपल्या हातात काय आहे ते बघा. ते खाली ठेवा. मग विचारा, "काय म्हणालीस बाळा? पुन्हा सांग."