देवीची वेल

बायडाबाईचा एकच हट्ट होता. बागेतली पहिली द्राक्षवेल वणीच्या देवीची, तिला औषध लावायचं नाही.

१९८३ साली दिंडोरीकडच्या बागांत जीए नावाचं हे औषध नवीन होतं. डब्यातल्या पाण्यात ते हार्मोन कालवायचं आणि कोवळा घड एकेक करून त्यात बुडवायचा. तिचा नवरा पुंजाराम समजावून थकला. "अगं, हे झाडाच्या अंगातच असतंय. यानं घडाचा दांडा लांबतो, मणी सुटे राहतात, आत वारा खेळतो. सड लागत नाय."

"देवीला लांब दांडा काय करायचाय?"

पुंजारामनं मान डोलावली. तो मान डोलावतो तेव्हा ऐकत नसतो, हे बायडाबाई सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

तोडणीच्या तोंडावर चार दिवस झिमझिम पाऊस झाला. बुडवलेल्या घडांतलं पाणी वाऱ्यानं सुकलं. देवीच्या वेलीचे गच्च घड मात्र आत पाणी अडकून सडले. आता नैवेद्याला काय न्यायचं? रडवेली बायडाबाई पानं चाळू लागली, तर मागच्या बाजूला एक घड सुटा, लांब आणि ठणठणीत.

"हा कसा वाचला?"

पुंजाराम मांडवाची तार तपासू लागला.

"चोरून बुडवला ना?"

"एकच. म्हटलं, देवी उपाशी नको राहायला. आन तू बी रडायला नको."

घड पदरात घेऊन ती वणीला जाऊन आली. पुढच्या वर्षी देवीच्या वेलीपाशी डबा घेऊन तीच उभी राहिली, नवऱ्याला जवळ फिरकू दिलं नाही.

"तुमचा काय भरवसा? तुमी एकच बुडवता."